मध्यवर्ती बँकेच्या माजी धुरिणांच्या मुलाखती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मध्यवर्ती बँकेचा इतिहास तिथे काम केलेल्यांच्या तोंडून नोंदवून ठेवायचा, तर काय काय करावं लागतं, याबद्दलचे हे प्रश्न आहेत. उत्तरं देताना रिझर्व्ह बँक डोळ्यासमोर ठेवली आहे. कामाची पद्धत मात्र कुठल्याही मोठ्या वित्तसंस्थेला लागू पडेल.

रिझर्व्ह बँकेच्या इतिहासाचे पाच खंड छापून झाले आहेत. मग मुलाखती कशाला?

खंड यायला वेळ लागतो आणि माणसं तोवर थांबत नाहीत. १९३५ ते १९५१ या काळाचा पहिला खंड १९७० मध्ये आला, दुसरा थेट १९९८ मध्ये. तो १९५१ ते १९६७ या काळाचा. याच काळात, जानेवारी १९५७ मध्ये, अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांच्याशी बिनसल्यावर गव्हर्नर बेनेगल रामा राव यांनी राजीनामा दिला होता. रामा राव १९६९ मध्येच गेले. त्या प्रकरणातली पत्रं उरली. पत्र लिहिण्याआधी कोणाशी काय बोलणं झालं, हे विचारायला कोणी उरलं नाही. पुढचे खंड २००५, २०१३ आणि २०२२ मध्ये आले आणि पाचवा २००८ पाशी थांबतो.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. आज चलनविषयक धोरण समितीच्या बैठकीचं इतिवृत्त चौदाव्या दिवशी जाहीर होतं. कोणी कसं मत दिलं आणि का, हे त्यात असतं. पण या समितीची पहिली बैठक ऑक्टोबर २०१६ ची. त्याआधीची ८१ वर्षं व्याजदराचा अंतिम निर्णय गव्हर्नरांचा असे. फाइलवर टिपणी असते, आकडे असतात आणि शेवटी शेरा असतो: ‘चर्चेनुसार’. ती चर्चा काय झाली, हे फाइलला माहीत नसतं. मुलाखत घ्यायची ती या एका शब्दाच्या मागे काय होतं, ते काढण्यासाठी.

मुलाखती फक्त गव्हर्नरांच्याच घ्यायच्या का?

नाही. गव्हर्नर हा निर्णयाचा शेवटचा टप्पा असतो. मसुदा कोणी लिहिला, कोणता आकडा कोणी बदलला, दिल्लीहून फोन आला तेव्हा खोलीत कोण होतं, हे डेप्युटी गव्हर्नर, कार्यकारी संचालक, कायदा सल्लागार, परकीय चलन व्यवहार बघणारे अधिकारी आणि गव्हर्नरांचे स्वीय सहायक सांगू शकतात. नोटा वितरणाचं काम पाहिलेले अधिकारी आणि रोखपाल तर हमखास राहून जातात.

औटघटकेचे गव्हर्नर वगळण्याची चूक करू नका. बी. एन. आडारकर १९७० मध्ये अवघे ४२ दिवस गव्हर्नर होते, अमिताव घोष १९८५ मध्ये २० दिवस. पण दोघेही दीर्घकाळ डेप्युटी गव्हर्नर होते. १९ जुलै १९६९ रोजी १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, तेव्हा आडारकर त्या पदावर होते. कोणाशी बोलायचं हे पदाच्या मुदतीवरून ठरवू नका. कोणत्या निर्णयाच्या वेळी तो माणूस कुठे होता, ते बघा.

महिला अधिकाऱ्यांचे अनुभव वेगळे विचारायला हवेत. के. जे. उदेशी पहिल्या महिला डेप्युटी गव्हर्नर झाल्या त्या २००३ मध्ये, म्हणजे बँक सुरू झाल्यावर ६८ वर्षांनी. त्या काळात खालच्या श्रेणीत काम केलेल्या बायकांनी काय पाहिलं, ते बँकेच्या कुठल्याही वार्षिक अहवालात सापडणार नाही.

यादी झाली की ती वयाच्या क्रमाने लावा आणि सर्वांत ज्येष्ठ व्यक्तीपासून सुरुवात करा. पदाचा मान नंतरही राखता येतो.

निवृत्तीनंतर किती काळाने मुलाखत घ्यावी?

दोनदा. पहिली पद सोडल्यानंतर दोन वर्षांच्या आत: तपशील ताजे असतात, पण माणूस मोकळं बोलत नाही. ही मुलाखत बंद ठेवायची. दुसरी आठ-दहा वर्षांनी: तपशील पुसट झालेले असतात, पण त्या निर्णयाचं पुढे काय झालं हे दिसलेलं असतं आणि ‘तेव्हा आम्ही चुकलो’ हे वाक्य याच मुलाखतीत येतं. एकच शक्य असेल आणि वय पंचाहत्तरच्या पुढे असेल, तर योग्य वेळेची वाट पाहू नका. या महिन्यात घ्या.

तयारी किती करावी लागते?

सहा तासांच्या मुलाखतीसाठी चाळीस-पन्नास तास वाचन. यात काटकसर केली, तर समोरचा माणूस पहिल्या पंधरा मिनिटांत ओळखतो आणि मग शाळकरी उत्तरं देऊ लागतो.

सगळ्यात आधी एक कालपट तयार करा: डाव्या बाजूला तारखा, मधे बँकेत काय घडलं, उजवीकडे सरकारात आणि देशात काय घडलं. त्या काळातले वार्षिक अहवाल, भाषणं, संसदेतली प्रश्नोत्तरं आणि वर्तमानपत्रं वाचून तो भरायचा. रिझर्व्ह बँकेचं अभिलेखागार १९८१ पासून पुण्यात आहे. जुन्या फाइलींसाठी तिथे आधी लेखी अर्ज करा, विषय आणि वर्षं नेमकी लिहा. ‘१९६० च्या दशकातील धोरण’ असा अर्ज केला तर हाती काही लागत नाही. विभाग, वर्ष आणि विषय सांगितला तर फाइल निघते.

मग आठ-दहा कागदांचं एक फोल्डर करा. उदाहरणार्थ, गव्हर्नर सी. रंगराजन यांच्या काळातल्या कोणाशी बोलणार असाल, तर सप्टेंबर १९९४ चा करार हवाच: सरकारची तूट तात्पुरत्या ट्रेझरी बिलांवर आपोआप भरून काढण्याची जुनी वाट टप्प्याटप्प्याने बंद करायची, असं त्यात ठरलं आणि १९९७ मध्ये ती बंद झाली. असा कागद समोर ठेवला की सही कोणाची, कोणता परिच्छेद वाटाघाटीत आला, अशा गोष्टी माणूस बोट ठेवून सांगतो.

पण क्रम सांभाळा. आधी प्रश्न विचारा, उत्तर पूर्ण होऊ द्या, मगच कागद काढा. कागद आधी दाखवला तर आठवण सांगायचं राहतं आणि कागदाचं वाचन सुरू होतं.

प्रश्नपत्रिका आधी पाठवू नका, विषयांची यादी पाठवा. प्रश्न पाठवले की लिहून आणलेली उत्तरं ऐकावी लागतात.

प्रश्न कसे विचारावेत?

‘१९९१ चं परकीय चलनाचं संकट कसं होतं?’ या प्रश्नाला त्यांनी शंभर सभांत केलेलं भाषण मिळतं. त्याऐवजी विचारा: ‘परकीय चलनाच्या गंगाजळीचा आकडा रोज तुमच्यापर्यंत कसा यायचा? कागदावर, की फोनवर? कोण आणायचं? किती वाजता?’ छोट्या, हाताला लागणाऱ्या प्रश्नांनी आठवण उघडते. आकडा आणणारा माणूस आठवला की त्याचा चेहरा, ती खोली, मग त्या दिवशीचं बोलणं आठवतं.

उपयोगी पडणारे आणखी काही प्रश्न: कोणता मार्ग विचारात घेतला आणि सोडून दिला? कोणाचा विरोध होता? विरोध फाइलवर आला, की चहाच्या टेबलावरच राहिला? मसुदा किती वेळा बदलला? आदल्या रात्री किती जणांना माहीत होतं?

‘का?’ हा प्रश्न बेताने वापरा. ज्येष्ठ माणसाला तो जाब विचारल्यासारखा वाटतो. ‘तेव्हा तुमच्यासमोर काय काय होतं?’ असं विचारलं की तेच उत्तर जास्त मोकळेपणाने मिळतं. उत्तर संपल्यावर पाच-सात सेकंद गप्प बसा. सर्वांत मोलाची वाक्यं या शांततेनंतर येतात. नवखे मुलाखतकार नेमकी तिथेच पुढचा प्रश्न टाकतात.

मुलाखत कोणत्या भाषेत घ्यावी?

ज्या भाषेत माणूस आठवतो, त्या भाषेत. कारभार इंग्रजीत झाला म्हणून आठवण इंग्रजीतच असते असं नाही. पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख हे रायगड जिल्ह्यातल्या नाते गावचे. बँकेचं मध्यवर्ती कार्यालय १९३७ पासून मुंबईत असल्यामुळे मधल्या आणि खालच्या फळीत मराठी माणूस मोठ्या संख्येने राहिला आहे. असा निवृत्त अधिकारी धोरण इंग्रजीत सांगतो आणि भांडण मराठीत. दोन्ही येऊ द्या, अडवू नका. संबोधनही त्यांच्या सवयीचं ठेवा: बँकेत ‘सर’ आणि ‘मॅडम’ चालत आलं आहे. पहिल्याच भेटीत ‘काका’ म्हणून जवळीक साधायला जाऊ नका.

एक बैठक किती वेळाची असावी?

नव्वद मिनिटं. त्यापुढे आवाज बसतो आणि उत्तरं आखडतात. एका माणसासाठी तीन ते पाच बैठका धरा, मधे किमान एक आठवडा सोडा. पहिल्या बैठकीनंतर घरी गेल्यावर त्यांना बरंच आठवतं. दुसरी बैठक ‘मागच्या वेळी राहून गेलेलं काही?’ यानेच सुरू करा.

चित्रीकरण करावं की फक्त आवाज?

शक्य असेल तर दोन्ही, पण आवाज स्वतंत्र यंत्रावर घ्या. कॅमेरा समोर असला की माजी गव्हर्नर पत्रकार परिषदेत बसल्यासारखे बोलतात. नाजूक बैठकीसाठी कॅमेरा बंद ठेवणंच बरं.

ध्वनिमुद्रणासाठी नेमकं काय लागतं आणि कुठे बिघडतं?

दोन मायक्रोफोन जोडता येतील असा रेकॉर्डर, दोन कॉलर माइक, बंद हेडफोन, दोन मेमरी कार्डं आणि जादा बॅटऱ्या. ध्वनिमुद्रण ‘वेव्ह’ फाइलमध्ये, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. दोघांचा आवाज वेगळ्या ट्रॅकवर घ्या. अशा मुद्रणाला तासाला साधारण एक जीबी जागा लागते. ३२ जीबीचं कार्ड भरपूर झालं. एमपी३ मध्ये मुद्रण करू नका. त्यात गाळलेला आवाज पुन्हा मिळत नाही. ऐकण्यासाठीची प्रत नंतर करता येते.

माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर लावा. खळ केलेली खादी आणि रेशमी साडी माइकवर घासली की चरचर येते. माइकची तार कपड्याच्या आतून घेऊन वर एक वळसा देऊन चिकटपट्टीने बसवली की ती थांबते. आवाजाची पातळी मोठ्यातल्या मोठ्या शब्दाला उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील अशी हाताने ठरवा. यंत्राची आपोआप पातळी ठरवण्याची सोय बंद करा: माणूस विचार करायला थांबला की ती पंख्याची घरघर वर खेचते आणि तो बोलू लागला की पहिला शब्द फुटतो.

खोली कोणती, यावर निम्मं काम अवलंबून असतं. पडदे, पुस्तकांची कपाटं, गालिचा असलेली खोली चांगली. रिकामा दिवाणखाना घुमतो. पंखा आणि एसी बंद. मुंबईत मे महिन्यात हे अशक्य, म्हणून सकाळी आठची वेळ घ्या आणि दर अर्ध्या तासाने एसी चालू करून थांबा. फ्रिज शेजारच्या खोलीत असला तरी ऐकू येतो. फोन ‘सायलेंट’वर ठेवून भागत नाही, विमान मोडवर टाका. कुकर, दारावरची घंटा आणि पाळीव कुत्रा यांच्याबद्दल घरच्यांशी आदल्या दिवशी बोलून ठेवा. कोणी न बोलता अर्धा मिनिट रिकाम्या खोलीचा आवाज टिपून घ्या, पुढे सफाईला लागतो. आणि पूर्ण वेळ हेडफोन कानाला असू द्या. सैल झालेली पिन डोळ्यांना दिसत नाही. हेडफोन नसेल तर ती घरी आल्यावरच कळते.

सुरुवातीला तारीख, ठिकाण, दोघांची नावं आणि बैठकीचा क्रमांक मोठ्याने म्हणा.

गोपनीयतेचं बंधन आडवं येत नाही का?

येतं, आणि ते आधीच बोलून घ्यावं. १९२३ चा शासकीय गुपितं कायदा अजून लागू आहे. कर्जदारांची आणि विशिष्ट बँकांच्या तपासणीची माहिती कितीही जुनी झाली तरी जपून हाताळावी लागते. कार्यपद्धती, मतभेद, निर्णयाची कारणं याबद्दल मात्र बरंच बोलता येतं. शंका आली तर मुद्रण थांबवून चर्चा करू नका. ‘हा भाग बंद ठेवू’ असं मुद्रणातच बोला, म्हणजे नंतर वाद होत नाही.

कोणा व्यक्तीवर आरोप झाला, तर बदनामीचा मुद्दा उभा राहतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ नुसार मृत व्यक्तीबद्दलचं विधानही यात येऊ शकतं. असा भाग प्रसिद्ध करण्याआधी वकिलाला दाखवा.

संमतीपत्रात काय असावं?

सर्वांत जास्त चुका इथे होतात, कारण बऱ्याच जणांना एका ओळीची सही पुरेशी वाटते. प्रताधिकार (कॉपीराइट) कायदा १९५७, कलम १९ नीट वाचा. हक्क हस्तांतरण लेखी आणि सहीचं लागतं. मुदत लिहिली नसेल तर ते फक्त पाच वर्षांचं धरलं जातं. प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतं. म्हणजे ‘मी माझी मुलाखत संस्थेला देत आहे’ एवढंच लिहून घेतलं, तर सहाव्या वर्षी संस्थेच्या हातात काही राहत नाही आणि वारसदारांना शोधत फिरावं लागतं.

म्हणून स्पष्ट लिहा: कोणते हक्क, किती काळ (प्रताधिकाराची पूर्ण मुदत), कोणत्या प्रदेशात (संपूर्ण जग), कोणत्या माध्यमांत, मोबदला असेल तर किती. आवाज, चित्रीकरण, लिखित मजकूर आणि दिलेली छायाचित्रं यांचा वेगवेगळा उल्लेख करा. मुलाखतकाराकडूनही असंच पत्र घ्या, कारण प्रश्न त्याचे असतात. सही पहिल्या बैठकीआधी मुद्रणाच्या परवानगीची आणि शेवटच्या बैठकीनंतर हक्कांची, अशी दोनदा घ्यावी. काय बोलणार हे माहीत नसताना सगळे हक्क मागणं योग्य नाही.

‘माझ्या हयातीत उघडू नका’ असं म्हणाले तर?

मान्य करा, पण तारीख घाला. ‘हयातीत’ या शब्दाची अंमलबजावणी करायला कोणीतरी निधनाची बातमी लक्षात ठेवावी लागते. ‘१ जानेवारी २०४५ पर्यंत’ असं लिहिलं की कोणालाही कळतं. पूर्ण मुलाखत बंद करण्यापेक्षा ठरावीक मिनिटं बंद करा.

आणि खोटं आश्वासन देऊ नका. बंद मुलाखत सार्वजनिक संस्थेच्या ताब्यात असेल, तर माहितीच्या अधिकारात तिची मागणी होऊ शकते. देशाच्या आर्थिक हितासारखी कारणं लागू झाली तरच ती रोखता येते. न्यायालयाचा आदेश आला तर कुठलंच कुलूप टिकत नाही. अमेरिकेतल्या बॉस्टन कॉलेजने उत्तर आयर्लंडमधल्या संघर्षाबद्दल घेतलेल्या मुलाखती मृत्यूपर्यंत गुप्त राहतील असं लोकांना वाटत होतं. त्यातल्या काही पोलिसांकडे गेल्याच. संमतीपत्रात ‘कायद्याच्या मर्यादेत’ हे शब्द हवेत आणि त्यांचा अर्थ तोंडी समजावून सांगायला हवा.

मजकूर उतरवताना काय सांभाळावं?

मराठी वर्तमानपत्रात ‘शब्दांकन’ म्हटलं की ऐकून, नीटनेटकं करून, प्रथमपुरुषी लिहिलेला लेख. इथे ते नको. इथे बोललेलं तसंच्या तसं उतरवायचं: अर्धवट वाक्य, मागे घेतलेला शब्द, लांबलेली शांतता, हसणं. ‘अं’, ‘म्हणजे’ अशी भर गाळली तरी चालेल. ‘नाही नाही, तसं नव्हतं, म्हणजे होतं, पण...’ हे गाळायचं नाही. तो त्यांचा विचार बदलतानाचा क्षण आहे.

एका तासाच्या आवाजाला सहा ते आठ तास धरा. संगणकाने आपोआप उतरवलेला मजकूर पहिला खर्डा म्हणून ठीक, पण आकड्यांवर कधीही विश्वास ठेवू नका. ‘सव्वासात’ म्हणजे ७.२५, ‘साडेसात’ म्हणजे ७.५०, ‘पावणेआठ’ म्हणजे ७.७५. मध्यवर्ती बँकेच्या इतिहासात हा पाव टक्का म्हणजे अख्खी बैठक असते. यंत्र ‘पावणे’ गाळून नुसतं ‘आठ’ लिहितं आणि व्याजदर बदलून जातो. लाख-कोटी आणि मिलियन-बिलियन यांचीही अशीच गल्लत होते. म्हणून आकडे, तारखा आणि आडनावं यांच्यासाठी दुसऱ्या माणसाने आवाज ऐकत वेगळं वाचन करावं.

मुलाखत देणाऱ्याने मजकूर वाचून बदल केले तर?

तारीख, नाव, आकडा यांची दुरुस्ती तळटीपेत घ्या, मूळ शब्द तसेच ठेवा. वाक्यं काढून टाकायची असतील, तर ती काढण्याऐवजी बंद भागात हलवण्याची विनंती करा. आवाजाच्या मूळ फाइलला कधीही हात लावायचा नाही. तपासायला तीस दिवसांची मुदत द्या आणि पत्रात लिहा की उत्तर न आल्यास मजकूर मान्य समजला जाईल. नाहीतर बाड वर्षानुवर्षं त्यांच्या टेबलावर पडून राहतं.

आठवण आणि कागद जुळले नाहीत तर?

दोन्ही ठेवा, फरक नोंदवा. नेहमी दिसणारी गल्लत १९९१ च्या सोन्याची. मे महिन्यात २० टन सोनं स्टेट बँकेमार्फत पुन्हा विकत घेण्याच्या अटीवर बाहेर विकलं गेलं, त्यातून सुमारे २० कोटी डॉलर उभे राहिले. जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेने स्वतःचं ४६.९१ टन सोनं तारण ठेवून सुमारे ४० कोटी डॉलर घेतले. दोन वेगळे व्यवहार, मधे सरकार बदललेलं. आठवणीत ते एक होतात आणि मेमधली घालमेल जुलैच्या खात्यावर जमा होते. रुपयाचं अवमूल्यनही १ आणि ३ जुलै अशा दोन टप्प्यांत झालं. एकच दिवस आठवणारे पुष्कळ भेटतात.

मुलाखतीत तिथल्या तिथे चूक दाखवून अपमान करू नका. ‘हे जुलैच्या आधीचं, की नंतरचं?’ असा आधार द्या. तरीही तेच सांगितलं तर तसंच उतरवा आणि खाली टीप द्या. काय विसरलं गेलं आणि कशाचं श्रेय कोणाला दिलं गेलं, हेही अभ्यासकाला कामाचं असतं.

फाइली कशा जपायच्या?

तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या शहरात. मुंबईत पावसाचं पाणी तळमजल्यात शिरतं, हे लक्षात घेऊन दुसरी प्रत पुण्यात किंवा नागपुरात ठेवा. मुद्रण झाल्या दिवशीच प्रत्येक फाइलचा हॅश (संगणकाने काढलेला अंक-अक्षरांचा ठसा, फाइल जराशी बदलली तरी तो बदलतो) काढून वेगळ्या यादीत लिहा आणि वर्षातून एकदा पुन्हा ताडून बघा. फाइल उघडते म्हणजे शाबूत आहे असं नाही. मधले काही सेकंद बिघडलेले असू शकतात. दर पाच वर्षांनी हार्ड डिस्क बदला. कार्ड पुसायचं ते तिन्ही प्रती ताडून झाल्यावर.

अभ्यासकाला हवं ते कसं सापडेल?

दर पाच मिनिटांच्या भागाची दोन ओळींची सूची करा: वेळ, विषय, व्यक्ती. नावाचं एकच रूप ठरवा, नाहीतर ‘चिंतामणराव’, ‘सी. डी.’ आणि ‘देशमुखसाहेब’ ही तीन माणसं होतात.

घरी जुने कागद निघाले तर?

जवळजवळ नेहमीच निघतात: डायऱ्या, पाकिटं, भाषणांचे खर्डे. आधी वेगळे करायचे ते सरकारी कागद. कार्यालयीन फाइलचा भाग असेल तर तो घरच्यांचा नाही, संस्थेकडे परत जायला हवा, आणि ते कुटुंबाला संकोच न वाटेल अशा रीतीने सांगा. बाकीच्यांची यादी जागेवरच करा, आहे त्या क्रमात फोटो घ्या, मगच हलवा. गंजलेल्या टाचण्या हळूच काढा, लॅमिनेशन मात्र कधीही करू नका. पत्र पाकिटासकट ठेवा. आत तारीख लिहिलेली नसेल, तर पोस्टाच्या शिक्क्यावर ती सापडते.